नोंद कोणी केली? डिजिटल संग्रहांतील साधने वाचताना

१/
जुन्या मुंबईची म्हणून फिरणारी काही छायाचित्रे तुम्ही पाहिली असतील. पागोटी आणि अंगरखे घातलेली तीन-चार माणसे उभी असतात, मागे एखादे देऊळ, तळे किंवा वाडा दिसतो आणि खाली कोणीतरी 'मुंबई, १८६०' एवढे लिहून मोकळे होते. अशा छायाचित्रांपैकी काही विल्यम जॉन्सन याच्या एका ग्रंथातून आलेली आहेत. त्यांतील माणसे खरी, कपडे खरे, मागची जागाही खरी. फक्त ती माणसे त्या जागी कधी उभी राहिली नव्हती.

२/
जॉन्सन हा मुंबईतील आद्य छायाचित्रकारांपैकी एक. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तिच्या आरंभीच्या मंडळींत तो होता. पुढे 'द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे' अशा लांबलचक नावाचा त्याचा ग्रंथ १८६३ आणि १८६६ मध्ये दोन खंडांत लंडनला प्रसिद्ध झाला. पहिला खंड गुजरात, कच्छ आणि काठेवाडचा, दुसरा महाराष्ट्राचा. जॉन्सनने माणसांचे गट स्टुडिओत उभे करून टिपले, स्थळे स्वतंत्रपणे टिपली आणि छाप तयार करताना दोन्ही एकमेकांवर बसवली. आज आपण ज्याला फोटोशॉप म्हणतो त्याचे हे काचपट्टीच्या काळातील रूप. अमेरिकेतील सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठाच्या डीगॉलियर ग्रंथालयाने जॉन्सनची छायाचित्रे ऑनलाईन ठेवली आहेत. घरबसल्या मोठी करून पाहता येतात.

३/
मग ते छायाचित्र खोटे म्हणून टाकून द्यावे काय? मुळीच नाही. पागोट्याचा घेर, लुगड्याचा काठ, नथीची ठेवण, हातातील हुक्का, पायातील जोडे यांसाठी ते अव्वल साधन आहे. मागील स्थळ कसे दिसत होते यासाठीही आहे. मात्र 'अमुक जातीचे लोक अमुक देवळापाशी जमत' असे विधान त्याच्या आधारे केले, तर आपण जॉन्सनच्या कात्रीला इतिहास म्हणत आहोत. हा फरक चित्र कितीही मोठे करून कळत नाही. तो कळतो चित्राच्या नोंदीतून. हे पान कोणत्या ग्रंथातले, ग्रंथ कोणी, कोणासाठी, कसा केला, हे नोंद सांगते. फॉरवर्ड होताना सर्वांत आधी गळून पडते तीही तीच.

४/
या थ्रेडचा विषय हाच आहे. डिजिटल संग्रहांत आज काय नाही? ग्रंथांची स्कॅन केलेली पाने, हस्तलिखिते, नकाशे, छायाचित्रे, शब्दकोश, वृत्तपत्रे, खटल्यांची कामकाजे, ध्वनिमुद्रिका, ओव्या. पडद्यावर मात्र ही सारी एकाच आकाराच्या चौकटींत, एकापुढे एक मांडलेली दिसतात. त्यामुळे ती एकाच जातीची साधने आहेत असा भास होतो. प्रत्येक चौकटीमागे एक नोंद करणारा हात आहे. तो हात कोणाचा, हे विचारल्याशिवाय वस्तू अर्धीच वाचली जाते.

५/
वृत्तपत्रांचे उदाहरण घेऊ. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले, हे शाळेपासून पाठ असते. त्यानंतर एकोणिसाव्या शतकभर गावोगाव मराठी पत्रे निघत होती आणि बंद पडत होती. त्यांतील कित्येकांचे पूर्ण संच आज कोठेच मिळत नाहीत. १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' सुरू केला, पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी तो चालवला. सत्यशोधक चळवळीचा आणि गिरणी कामगारांचा आवाज असलेल्या या पत्राचे जुने अंक शोधायला निघालेल्याला हे दारिद्र्य चांगलेच जाणवते.

६/
मग या पत्रांत काय छापले जात होते, ते आपल्याला कळते कसे? बरेचदा सरकारच्या कृपेने! मुंबई सरकार देशी वृत्तपत्रांवर लक्ष ठेवण्यासाठी दर आठवड्याला गोपनीय अहवाल तयार करवीत असे. मराठी, गुजराती इत्यादी पत्रांतील सरकारला महत्त्वाच्या वाटलेल्या मजकुराचा इंग्रजी गोषवारा त्यात असे. या अहवालांचे अनेक संच आता डिजिटल स्वरूपात मिळतात आणि इंग्रजी असल्यामुळे त्यांत शब्द टाकून शोधताही येतो. संशोधकाला हा खजिनाच वाटतो, आणि तो आहेही.

७/
पण नीट पाहा. मूळ अंकात काय होते? पाऊसपाणी, बाजारभाव, नाटकांच्या जाहिराती, गावातील भांडणे, कोणाच्या तरी पुस्तकाचे परीक्षण. अहवालात उतरले ते प्रामुख्याने सरकारशी संबंधित, म्हणजे कर, दुष्काळ, अधिकाऱ्यांचे वर्तन, असंतोष. एखाद्याने केवळ या अहवालांवरून मराठी वृत्तपत्रांचा इतिहास लिहिला, तर त्याला सारा महाराष्ट्र रात्रंदिवस सरकारविषयीच बोलत होता असे दिसेल. दाराला कान लावून बसलेल्याच्या वहीतून घराचा इतिहास लिहिण्यासारखे ते आहे.

८/
आणि गोषवारा इंग्रजीत आहे. मराठी वाक्य इंग्रजीत जाताना काय घडू शकते, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९०८ चे. 'केसरी'तील 'देशाचे दुर्दैव' (१२ मे) आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' (९ जून) या लेखांबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. न्यायमूर्ती दिनशा दावर यांच्यासमोर तो चालला. ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी. म्हणजे ज्या मराठी लेखांसाठी आरोपी पिंजऱ्यात उभा होता, ते लेख ज्यूरीपुढे आले ते सरकारी इंग्रजी अनुवादातून.

९/
टिळकांनी स्वतःच आपली बाजू मांडली आणि अनुवादकाची उलटतपासणी घेतली. अमुक मराठी शब्दाचा हाच इंग्रजी अर्थ का, त्याची दुसरी छटा का नाही, वाक्याचा रोख बदलला की नाही, असा तो वाद आहे. खटल्याचा छापील वृत्तांत इंटरनेट आर्काइव्हवर वाचायला मिळतो. राजकारणासाठी तो सर्वजण वाचतात. भाषेसाठीही एकदा वाचावा असे मी सुचवीन. २२ जुलैला सात विरुद्ध दोन अशा मतांनी ज्यूरीने दोषी ठरवले आणि सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली. पुढची जवळजवळ सारी वर्षे मंडालेत गेली. त्या दोन लेखांविषयी लिहिताना इंग्रजी अनुवाद समोर ठेवून लिहिणारे अभ्यासक आजही भेटतात. मूळ 'केसरी'चे अंक उपलब्ध असताना असे करण्यामागे सोय हे एकच कारण असते.

१०/
आता थोडे हलके. शोधपेटीत 'Pune' असे आधुनिक स्पेलिंग टाकून एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी साधने धुंडाळणारा मित्र तुमच्याही वर्गात असेल. त्याला फारसे काही मिळत नाही आणि तो म्हणतो, 'याविषयी साधनेच नाहीत.' साधने असतात. ती 'पूना' या नावाखाली बसलेली असतात. ठाणे 'टाना' म्हणून, वसई 'बसीन' म्हणून, साष्टी 'सालसेट' म्हणून, गायकवाड 'गुइकोवार' म्हणून. मराठ्यांना ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासात 'माहरट्टा' व्हावे लागते. रायगड जिल्ह्याविषयी गॅझेटियर हवे असेल तर 'कुलाबा' शोधावे लागते, कारण जिल्ह्याचे नाव बदलले ते १९८१ मध्ये. धुळ्यासाठी 'पश्चिम खानदेश'. यंत्राला साष्टी आणि सालसेट एकच हे ठाऊक नसते. ते तुम्हाला ठाऊक असावे लागते.

११/
नावापेक्षा आकडा अधिक फसवा. समजा, एका मराठी कागदाच्या नोंदीत वर्षाच्या जागी फक्त '११६१' लिहिले आहे. हे वर्ष कोणते?
हिजरी असेल तर इ.स. १७४८.
दख्खनी फसली असेल तर १७५१-५२.
शालिवाहन शक असेल तर १२३९-४०.
आणि शुहूर सन असेल तर १७६०-६१, म्हणजे पानिपताचे साल.

१२/
मराठी कागदांत हा शुहूर सन सर्रास भेटतो. तो मृग नक्षत्राला, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास पालटतो. पेरणीबरोबर सुरू होणारे हे वर्ष महसुलाच्या हिशेबाला सोयीचे. आकडा अंकांत न लिहिता अरबी संख्यावाचक शब्दांत लिहीत, आणि तेही मराठी कानाने ऐकलेल्या उच्चारांत: 'इहिदे सितैन मया व अलफ'. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. बेरीज ११६१. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. गंमत अशी की महिना आणि तारीख हिजरी चांद्रमानाने आणि साल शुहूर, असे दोन्ही एकाच पत्रात नांदतात. 'छ' या अक्षरापुढे चंद्राची तारीख येते. नोंद करणाऱ्याने घाईत हिजरी महिना पाहून वर्षही हिजरीच धरले, तर पानिपतच्या मोहिमेतील पत्र बारा-तेरा वर्षे मागे, शाहू महाराजांच्या हयातीत जाऊन पडते. डिजिटल संग्रहात साल टाकून छाननी करताना ते पत्र मग तुम्हाला दिसणारच नाही.

१३/
शब्दकोश हे ऐतिहासिक साधन आहे असे कोणी सांगितले की वर्गात जांभया येतात. तरीही सांगतो. शिकागो विद्यापीठाच्या 'डिजिटल साउथ एशिया लायब्ररी'त मराठीचे अनेक कोश आहेत: मोल्सवर्थचा १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीचा, वझे यांचा १९११ चा, दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश', तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा १९९९ चा जुन्या मराठीचा. सारे विनामूल्य, सारे शोधता येणारे.

१४/
छापील मोल्सवर्थमध्ये तुम्हाला मराठी शब्द आधी ठाऊक असावा लागतो. डिजिटल मोल्सवर्थ उलटा वापरता येतो, आणि खरी मौज तेथे आहे. इंग्रजी अर्थांच्या मजकुरात नावेसाठीचा साधा इंग्रजी शब्द टाका. होडी, मचवा, पडाव, शिबाड, गलबत, तारू असा एक अख्खा बंदर-किनारा उभा राहतो. कोणती नाव किती डोलकाठ्यांची, कोणती मालाची, कोणती मासेमारीची. कोकणच्या सागरी व्यापारावर काम करणाऱ्याला ही शब्दांची यादी एखाद्या प्रकरणाइतकी उपयोगी पडेल. असेच माप-वजनांचे करून पाहा, जमिनीच्या प्रकारांचे करा, शिव्यांचे करा. (शिव्यांचे एकट्याने करा.)

१५/
येथेही नोंद वाचायची. तालिकेत कर्ता म्हणून नाव असते जेम्स टी. मोल्सवर्थ, फार तर जॉर्ज आणि थॉमस कँडी. पण १८३१ च्या पहिल्या आवृत्तीच्या आधी दोनच वर्षे, १८२९ मध्ये, 'महाराष्ट्र भाषेचा कोश' छापला गेला होता. तो जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, सखाराम जोशी, दाजीशास्त्री शुक्ल, परशुरामपंत गोडबोले या पंडितांनी सिद्ध केला. मोल्सवर्थच्या कोशामागेही अशा एतद्देशीय विद्वानांचे श्रम आहेत. कर्त्याच्या रकान्यात त्यांना जागा नाही. आणि पंडितांच्या मागे ज्यांच्या तोंडचे ते शब्द होते, ते खलाशी, शेतकरी, सुतार आणि कोळणी यांना तर रकानाच नाही.

१६/
हाच धागा ग्रियर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणापर्यंत नेता येतो. त्याचा सातवा खंड मराठीचा, १९०५ सालचा. त्यात वऱ्हाडी, नागपुरी, आगरी, ठाकरी, कातकरी, वारली, हळबी अशा बोलींचे नमुने आहेत. इंटरनेटवर सहज मिळतो. नमुना म्हणून प्रत्येक बोलीत एकच गोष्ट सांगायला लावली: बायबलातील उधळ्या पुत्राची. कारण व्याकरणाचे होते. तिन्ही पुरुषांची सर्वनामे, नामाच्या बहुतेक विभक्ती आणि क्रियापदाचे मुख्य काळ त्या एका गोष्टीत येतात. वासरू कापण्याचा प्रसंग भारतीय मनाला खटकू नये म्हणून मजकुरात किरकोळ फेरफारही केला होता. त्याच्या जोडीला शक्य तेथे एक स्थानिक नमुना आणि शब्दांची ठरावीक यादी घेतली जाई.

१७/
परिणाम विचित्र झाला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कातकरी बोली कशी होती हे पाहायला गेलो, तर आपल्याला कातकऱ्यांच्या भाषेत पॅलेस्टाइनची गोष्ट ऐकू येते. भाषाशास्त्रज्ञाला ते चालते, कारण त्याला प्रत्यय हवे असतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला तो माणूस हवा असतो. त्याचे रान, त्याचा सावकार, त्याची भीती. ती त्या नमुन्यात नाही. पुढे याच सर्वेक्षणासाठी १९१३ ते १९२९ या काळात ग्रामोफोनच्या ध्वनिमुद्रिकाही तयार झाल्या आणि त्यांतील आवाज आज शिकागोच्या त्याच संग्रहात ऐकता येतात. खरखरीतून येणारा शतकापूर्वीचा मानवी आवाज ऐकताना अंगावर काटा येतो, हे कबूल. पण सांगितलेली गोष्ट पुष्कळदा तीच, उधळ्या पुत्राची.

१८/
आणखी एक. त्या सातव्या खंडात कोंकणीला मराठीच्या पोटात घातले आहे. १९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोंकणीला स्वतंत्र साहित्यिक भाषा म्हणून मान्यता दिली, १९९२ मध्ये ती संविधानाच्या आठव्या अनुसूचीत आली. जुन्या तालिकांतील वर्गवारी मात्र जेथे होती तेथेच राहिली आहे. १९०५ च्या एका विद्वानाचे मत फोल्डरचे नाव होऊन बसले की ते मत आहे हेच विसरायला होते. गोव्यातील वाचकांना हे मी सांगायला नको.

१९/
आता मला सर्वांत जवळच्या वाटणाऱ्या संग्रहाकडे येतो. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवां या दोघांनी १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. संगणक आणि संगीत या दोन्हींचे जाणकार असलेल्या बर्नार बेल यांच्या साहाय्याने त्यांची माहितीपेढी उभी राहिली, ध्वनिमुद्रणे झाली. २०१७ पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध होत आहेत. ऐकताही येतात, मराठीत वाचताही येतात.

२०/
ओवी वाचून संपली की खाली स्क्रोल करा. तेथे गाणारीचे नाव असते. गाव, तालुका, जिल्हा असतो. वय, मुले किती, काम काय, कोणत्या तारखेला मुद्रण झाले, हे असते. पुष्कळदा तिचे छायाचित्र असते. आता जॉन्सनची पाने आठवा. तेथे स्त्रीच्या अंगावरील प्रत्येक दागिना स्पष्ट आहे, पानावर जातीचे लेबल आहे, पण तिचे नाव सहसा नाही. ती स्वतः कोणी नव्हती, एका प्रकाराचा नमुना होती. ओव्यांच्या संग्रहातही जातीचा रकाना आहे. पण तो नावाच्या खाली येतो. या दोन नोंदींमधले अंतर मला दीडशे वर्षांच्या अंतरापेक्षा मोठे वाटते.

२१/
काही इतिहासप्रेमी विचारतील, ओव्यांत 'इतिहास' कुठे आहे? सीता आहे, पंढरी आहे, भाऊ आहे, सासुरवास आहे. बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्या आहेत, आणि त्या जात्यावर बसलेल्या बायकांनी रचल्या आहेत. एका मोठ्या राजकीय घटनेची बातमी माजघरात कशी पोहोचली, तेथे तिचे काय झाले, हे सांगणारे दुसरे साधन मला ठाऊक नाही. तवारीख नसते, हे खरे. ओवी कधीची हे सांगता येत नाही, मुद्रण कधीचे एवढेच सांगता येते. त्यामुळे ती बखरीसारखी वापरता येत नाही. बखर तरी बखरीसारखी कुठे वापरता येते म्हणा!

२२/
आता जे दिसत नाही त्याविषयी. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे. रुमालांत बांधलेले कोट्यवधी कागद, बहुतांश मोडीत. १९३० ते १९३४ या काळात रियासतकार सरदेसाई यांनी त्यांतून निवड करून ४५ खंड संपादित केले. ते खंड देवनागरीत छापलेले आहेत, इंटरनेटवर पीडीएफ आहेत, आणि 'पेशवे दफ्तर' म्हणून आपण बहुधा तेच उद्धृत करतो. वस्तुतः तो निवडलेला भाग आहे. निवड मुख्यतः राजकारण आणि मोहिमा यांच्या अंगाने झाली, आणि त्या पिढीचे प्रश्न पाहता ते स्वाभाविक होते. परंतु गावचे हिशेब, वतनाचे तंटे, पेठांतील जकाती, कारखान्यांतील मजुरी यांचे ढीगच्या ढीग त्या खंडांबाहेर आहेत.

२३/
मोडी ही धावती लिपी. आधी ओळ आखायची, मग टाक न उचलता तिच्याखाली अक्षरे लटकवत जायची. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, संक्षेप पावलोपावली. २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला स्वतंत्र स्थान मिळाले, त्यामुळे मोडी टंकलिखित करता येऊ लागली. पण अठराव्या शतकातील कारकुनाच्या हातचा कागद यंत्राने आपोआप वाचावा ही फार वेगळी आणि अवघड गोष्ट आहे. कागद स्कॅन केला म्हणजे तो चित्र झाला. त्या चित्राला नोंद नसेल, तर शोधपेटीच्या दृष्टीने ते कोरे पान आहे.

२४/
आणि येथे माझी खरी काळजी आहे. आमच्या पिढीचे संशोधनाचे विषय शोधपेटीतून ठरू लागले आहेत. प्रबंधिकेचा विषय निवडताना आपण आधी 'काय मिळते' ते पाहतो. जे इंग्रजीत, छापील, ओसीआर झालेले, ते मिळते. म्हणून रेसिडेंटांचा पत्रव्यवहार पुन्हा वाचला जातो, प्रवासवर्णने पुन्हा वाचली जातात आणि कसब्यातील तांबट पुन्हा एकदा राहून जातो. यात आळस आहे असे मी म्हणणार नाही. दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात मोडी शिकून रुमाल सोडायला वेळ कोणाकडे असतो? पण परिणाम तोच होतो. ज्याची नोंद आहे त्याच्याविषयी नवे लेख निघतात, त्या लेखांमुळे त्याची नोंद आणखी ठळक होते.

२५/
'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया'ने या शतकाच्या आरंभी लाखो पुस्तके स्कॅन केली. त्यांत मराठी ग्रंथही विपुल होते आणि त्यांतील बराच साठा आता इंटरनेट आर्काइव्हवर आहे. त्या प्रकल्पाला नावे ठेवणे सोपे आहे: मराठी नावे रोमन लिपीत मनाला येतील तशी, कर्त्याच्या जागी संपादक, कुठे पाने वाकडी, कुठे गायब. मीही ठेवतो. तरी माझ्या पिढीतील किती जणांनी पहिले दुर्मीळ मराठी पुस्तक तेथेच उघडले असेल! तेथे शोधताना एक युक्ती उपयोगी पडते. लेखकाचे नाव चार-पाच रोमन स्पेलिंगांनी टाकून पाहा, आडनाव आधी, मग नंतर, देवनागरीतही टाका. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीची 'ग्रंथ संजीवनी' स्वतंत्रपणे पाहावी. तेथील नोंदी पुष्कळच नेटक्या आहेत.

२६/
चांगली नोंद कशी असते याचे एक उदाहरण देतो आणि थांबतो. ते कोपनहेगनचे आहे. तमिळ किनाऱ्यावर तरंगंबाडी येथे डेन्मार्कची वसाहत होती आणि शेजारी तंजावरला भोसल्यांचे राज्य. तंजावरच्या दरबाराचे मोडी कागद असे डेन्मार्कला पोहोचले. १९८३ मध्ये एलिझाबेथ स्ट्रँडबर्ग या विदुषीने डॅनिश संग्रहांतील तंजावरच्या मोडी कागदांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. कावेरीकाठी, मराठी कारकुनाने, तमिळ मुलखात बसून लिहिलेला कागद डेन्मार्कमध्ये वाचला गेला, लिप्यंतरित झाला, त्याला ओळख मिळाली. खुद्द तंजावरला सरस्वती महालात मोडी कागदांचा मोठा साठा आहे, पुण्यात तर विचारूच नका.

पुढच्या थ्रेडमध्ये शुहूर सनाच्या अरबी शब्दांचे पूर्ण कोष्टक देतो, इहिदेपासून अलफपर्यंत. कोणाकडे घरचे मोडी कागद असतील, तर फोटो काढताना पाठची बाजूही काढा. पत्ता आणि पावल्याची तारीख बहुधा तिथे असते.